दणका बसल्यावर काय? हार्ड लँडिंगचा अभ्यास



नाशिककरांना विमानाचं फारसं अप्रूप नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा आहे. तिथे आधी मिग आणि पुढे सुखोई तयार झाली. गांधीनगरला लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक शिकतात. लेक्चर चालू असताना डोक्यावरून घरघर गेली तरी शेवटचा बाक सोडला तर कोणी खिडकीबाहेर बघत नाही. पण हा लेख त्या मोठ्या विमानांचा नाही. दोन ते आठ माणसं बसतील अशा छोट्या, खासगी आणि प्रशिक्षणाच्या विमानांचा आहे. आणि त्यातही उड्डाणाचा नाही, उतरण्याचा आहे.

तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला मी ‘हार्ड लँडिंग’ हा विषय घेतला. साध्या मराठीत आपण म्हणतो, ‘विमान आपटलं’. विषय घेण्याचं कारण असं की स्प्रिंग, डँपर, ऊर्जा, फटीग, कंट्रोल सिस्टिम असं आपल्या अभ्यासक्रमातलं बरंच काही त्यात एका जागी सापडतं. वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की यात गणित निम्मंच आहे. उरलेला निम्मा भाग दणका बसल्यानंतर माणूस काय करतो याचा आहे. दोन्ही भाग इथे मांडतो.

आपल्या आसपास काय घडलं

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेलं सेसना १५२ जातीचं प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीजवळ शेतात कोसळलं. आत एकटी प्रशिक्षणार्थी मुलगी होती. ती जखमी झाली, पण वाचली.

३० मे २०२३ रोजी बेळगावजवळ होन्निहाळच्या शिवारात एका प्रशिक्षण विमानाला तातडीने उतरावं लागलं. आतले दोघे थोडक्यात बचावले.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ हे छोटं खासगी जेट मुंबईत धावपट्टी २७ वर उतरताना बाजूला गेलं आणि मोडलं. जोराचा पाऊस होता, दृश्यमानता ७०० मीटरपर्यंत उतरली होती. विमानात सहा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. आठही जण वाचले.

त्याच वर्षी १९ आणि २२ ऑक्टोबरला, म्हणजे चार दिवसांत दोनदा, बारामती परिसरात प्रशिक्षण विमानं कोसळली. दोन्ही वेळा माणसं वाचली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्या प्रशिक्षण संस्थेची उड्डाणं थांबवली.

या सगळ्या घटना एका माळेत ओवायचा माझा इरादा नाही. कुठे शेत होतं, कुठे धावपट्टी. कुठे दोन आसनी विमान, कुठे जेट. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि ते शोधायला २०१२ पासून आपल्याकडे विमान अपघात तपास विभाग आहे. मला दिसलेलं साम्य एवढंच, की धातू वाकला, विमान मोडलं आणि माणसं बाहेर आली. विमान जमिनीला भिडतं तेव्हा ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. ती कुठे गेली यावर सगळं ठरतं. आता तिचाच हिशोब करू.

एक फुटाचा हिशोब

विमानाची चाकं आणि त्यांचे पाय, ज्याला लँडिंग गिअर म्हणतात, किती जोराच्या आपटीसाठी बनवतात? छोट्या विमानांसाठीच्या अमेरिकन नियमांचा भाग २३ नावाचा संच आहे. तो २०१७ मध्ये नव्याने लिहिला गेला, पण त्याआधीच्या आवृत्तीत यासाठी एक सुटसुटीत सूत्र होतं. विमानाचं पौंडातलं वजन पंखाच्या चौरस फुटांतल्या क्षेत्रफळाने भागा, त्याचं चौथं मूळ काढा आणि ४.४ ने गुणा. उत्तर येतं ते डिझाइनसाठी धरायचा खाली येण्याचा वेग, फूट प्रति सेकंदात. तो ७ पेक्षा कमी धरायचा नाही आणि १० पेक्षा जास्त धरण्याची सक्ती नाही.

सेसना १५२ ला हे सूत्र लावून पाहू. पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन १६७० पौंड, म्हणजे साधारण ७५७ किलो. पंखाचं क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. भागाकार येतो १०.४, चौथं मूळ १.८ च्या आसपास, आणि वेग येतो ७.९ फूट प्रति सेकंद. मीटरमध्ये २.४.

हा वेग किती? बारावीचं समीकरण घ्या. वेगाचा वर्ग भागिले दोन जी. उत्तर ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट! एवढ्या उंचीवरून वस्तू सोडली तर ती जमिनीला टेकताना तिचा वेग २.४ मीटर प्रति सेकंद असतो. कॅन्टीनच्या दोन पायऱ्यांवरून उडी मारा, तुमचा वेग साधारण तेवढाच असेल. शिवाय हे डिझाइन करताना पंख अजून दोन तृतीयांश वजन उचलून धरताहेत असं गृहीत धरायची मुभा आहे.

हे पहिल्यांदा वाचलं की कुणालाही वाटतं, इतकंच? आकाशात हजारो फुटांवर जाणारं यंत्र, आणि त्याचे पाय एक फुटासाठी! पण विमान रोज नीट उतरतं तेव्हा त्याचा खाली येण्याचा वेग याहून कितीतरी कमी असतो. एक फूट ही रोजची गरज नव्हे, ती चुकांसाठी ठेवलेली शिल्लक आहे.

फ्लेअर आणि त्यातली फसगत

छोटं विमान उतरताना साधारण तीन अंशांच्या उताराने येतं असं धरू. वेग ६० नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटर किंवा सेकंदाला ३१ मीटर. तीन अंशांचा टँजंट घेतला तर खाली येण्याचा वेग निघतो सेकंदाला १.६ मीटर. जमिनीजवळ आल्यावर वैमानिक हळूच नाक वर घेतो आणि हा उतार जवळजवळ सपाट करतो. याला फ्लेअर म्हणतात. मग विमान तरंगत तरंगत वेग गमावतं आणि मागच्या दोन चाकांवर अलगद बसतं.

आता गंमत बघा. फ्लेअर केलाच नाही तर १.६ ने आपटेल, आणि डिझाइनचा वेग आहे २.४. म्हणजे कागदावर पाय तगायला हवेत. मग विमानं मोडतात कशी? तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट, पुढचं चाक आधी टेकणं. फ्लेअर नसेल तर नाक खाली असतं आणि जमिनीला आधी नोजव्हील भिडतं. मागचे दोन पाय दणका घेण्यासाठी असतात. पुढचा पाय नाजूक असतो. सेसना १५२ मध्ये तो थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पातळ पत्र्याच्या भिंतीला जोडलेला आहे. सगळा मार त्या पत्र्यावर जातो.

दुसरी वाट, फ्लेअर वरच करून बसणं. जमीन जवळ आली असं वाटून वैमानिक दोन मीटरवरच नाक वर घेतो. वेग संपतो, पंखावरची हवा सुटते, विमान स्टॉल होतं आणि खाली बसतं. स्टॉलमध्ये लिफ्ट एकदम शून्य होत नाही. ती निम्मी उरली असं धरलं तरी दोन मीटरवरून पडलेल्या विमानाचा वेग ४.४ मीटर प्रति सेकंद होतो. डिझाइनच्या पावणेदोन पट वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात चालते. ती होते साडेतीन पटीच्या जवळ. इथे शिल्लक संपते.

तिसरी वाट, इंजिन बंद पडणं. सेसना १५२ इंजिनाविना एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे जातं. ६० नॉटला खाली येण्याचा वेग होतो ३.४ मीटर प्रति सेकंद. इथे फ्लेअर चुकला तर पायांवर दुप्पट ऊर्जा येते. म्हणूनच शेतात तातडीने उतरताना शेवटच्या दोन-तीन सेकंदांचं नाक वर घेणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो.

डोळ्यांची फसगतही होते. रोज अरुंद धावपट्टीवर शिकलेला मुलगा रुंद धावपट्टीवर गेला की त्याला आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असं वाटतं, आणि तो वरच फ्लेअर करतो. अरुंद पट्टीवर याच्या उलट होतं.

उभी ऊर्जा, आडवी ऊर्जा

सेमिनारमध्ये मला सगळ्यात जास्त प्रश्न या भागावर आले. ७५७ किलोचं विमान २.४ मीटर वेगाने खाली आलं तर उभ्या दिशेची गतिज ऊर्जा होते सुमारे २.२ किलोज्यूल. त्याच क्षणी ते पुढे ५० नॉटने, म्हणजे सेकंदाला २५.७ मीटरने धावत असतं. त्याची ऊर्जा काढा. २५० किलोज्यूल! उभ्या ऊर्जेच्या शंभरपटीहून जास्त. दोघं बसलेली मोटरसायकल, एकूण २५० किलो, ताशी ६० ने चालली असेल तर तिच्यात सुमारे ३५ किलोज्यूल असतात. म्हणजे या पिटुकल्या विमानात अशा सात मोटरसायकली भरलेल्या आहेत.

नीट उतरलं तर ही आडवी ऊर्जा ब्रेक आणि टायर हळूहळू खातात. समुद्रसपाटीला, वारा नसताना, सेसना १५२ टेकल्यावर साधारण १४५ मीटरमध्ये थांबतं असं त्याच्या पुस्तिकेत दिलंय. पण उभ्या दणक्याने पुढचा पाय मोडला, किंवा टायर फुटून विमान कडेच्या चिखलात गेलं, तर ती ऊर्जा ब्रेकच्या हातातून निसटते. मग ती पत्रा वाकवण्यात, पंख तोडण्यात, विमान उलटं करण्यात खर्च होते.

तेव्हा हार्ड लँडिंगमधला खरा धोका अनेकदा दणक्याचा नसतो. २.२ किलोज्यूल चुकीच्या जागी गेले की २५० किलोज्यूल मोकाट सुटतात, हा तो धोका. जेट घेतलं तर आकडे आणखी मोठे होतात. आठ टनांचं जेट १२० नॉटला टेकलं असं धरा. आडवी ऊर्जा निघते सुमारे १५ मेगाज्यूल, म्हणजे आपल्या सेसनाच्या साठपट. मुंबईच्या घटनेत विमानाची काय अवस्था झाली ते आपण टीव्हीवर पाहिलंच आहे. आठही माणसं वाचली याचं महत्त्व हा आकडा पाहिल्यावर कळतं.

स्प्रिंग घेतलेलं परत देते

सेसना १५२ च्या मागच्या पायांत शॉक अब्सॉर्बर नाही. पोलादी नळीचा स्प्रिंगसारखा वाकणारा पाय आहे, बस्स. पुढच्या पायात मात्र हवा आणि तेल भरलेला ओलिओ असतो. स्प्रिंगचा पाय स्वस्त, हलका आणि देखभालीला सोपा. गळायला तेल नाही, बदलायला सील नाही. शिकाऊ विमानाला उत्तम. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत.

एक, कार्यक्षमता. स्प्रिंगचा बल-विस्थापन आलेख त्रिकोणी असतो, म्हणून तेवढ्याच स्ट्रोकमध्ये ती आयताच्या निम्मीच ऊर्जा साठवते. ओलिओमध्ये तेल बारीक छिद्रातून ढकललं जातं, आलेख फुगीर होतो आणि कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. समजा टायरसकट २० सेंटिमीटर स्ट्रोक आहे आणि २.४ चा वेग शून्यावर आणायचाय. सरासरी मंदन येतं दीड जी. स्प्रिंगमध्ये कमाल मंदन त्याच्या दुप्पट, म्हणजे तीन जी; ओलिओमध्ये १.८ च्या आसपास. सोपं जावं म्हणून उरलेल्या वजनाचा भाग मी यात सोडलाय, पण तुलना समजायला एवढं पुरे.

दोन, आणि ही जास्त महत्त्वाची. डँपर ऊर्जेची उष्णता करतो. स्प्रिंग ती साठवते आणि परत देते. चाकं बाहेरच्या बाजूला फाकताना टायर घासतात, तेवढंच काय ते डँपिंग. बाकीची ऊर्जा विमानाला वर फेकते. हाच बाउन्स.

तिसरी आपट

बाउन्स झालेलं विमान नुसतं स्प्रिंगच्या जोरावर फार वर गेलं नसतं. पण चाकं आपटताना नाक वर गेलेलं असतं, पंखाचा वाऱ्याशी कोन वाढतो, क्षणभर लिफ्ट वाढते आणि विमान दोन-तीन मीटर वर जातं. आता ते अशा जागी आहे जिथे वेग संपलाय, नाक वर आहे आणि खाली जमीन आहे. म्हणजे मघाची दुसरी वाट, आयती तयार.

घाबरलेला शिकाऊ वैमानिक इथे काय करतो? नाक खाली ढकलतो. ढकलेपर्यंत विमान आपसूक खाली यायला लागलेलं असतं. त्यामुळे पुढचं चाक आधी आपटतं. सी.जी. पुढच्या चाकाच्या मागे असल्यामुळे नाक पुन्हा वर उडतं. तो पुन्हा ढकलतो. पुन्हा उशीर. प्रत्येक वेळी उडी मोठी होते, आणि तिसऱ्या-चौथ्या आपटीला पुढचा पाय जातो. डॉल्फिन पाण्यात वर-खाली करतो तशी ही चाल, म्हणून तिला पॉर्पॉइजिंग म्हणतात.

कंट्रोल सिस्टिमचा पेपर दिलेल्यांनी हे ओळखलं असेल. बंद लूप आहे, माणूस हाच कंट्रोलर आहे, आणि त्याच्या प्रतिक्रियेत विलंब आहे. विलंब वाढत गेला की फेज उलटते आणि दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न आंदोलन वाढवतो. अशा लूपमध्ये गेन वाढवून, म्हणजे अजून जोरात ढकलून-ओढून, काहीही साधत नाही. लूप सोडावा लागतो.

तो सोडण्याच्या पद्धतीला गो-अराउंड म्हणतात. पूर्ण थ्रॉटल, नाक स्थिर, विमान उडतं ठेवायचं, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, चक्कर मारायची आणि पुन्हा उतरायचं. पाच-दहा मिनिटं जातात आणि थोडं पेट्रोल. अनेकांना ही नामुष्की वाटते, कारण खाली सगळे बघत असतात.

आणि ही केवळ शिकाऊंची गोष्ट नाही. २३ मार्च २००९ रोजी जपानच्या नारिता विमानतळावर फेडेक्सचं एमडी-११ हे तीन इंजिनांचं अजस्र मालवाहू विमान वादळी वाऱ्यात उतरताना उसळलं, पुन्हा आपटलं, पंख तुटला, विमान उलटलं आणि पेटलं. दोन्ही वैमानिक गेले. यंत्र मोठं झालं म्हणून या गणितात सवलत मिळत नाही.

नाशिकचं ऊन

आता घरचा हिशोब. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४० अंश धरा. या उंचीवर हवेचा दाब ९४३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. आदर्श वायूचं समीकरण लावलं की घनता येते १.०५ किलो प्रति घनमीटर. समुद्रसपाटीची प्रमाणित घनता आहे १.२२५. म्हणजे हवा चौदा टक्क्यांनी पातळ.

वैमानिकाचा वेगमापक हवेच्या दाबावर चालतो. तो ५५ नॉट दाखवत असेल तर या पातळ हवेत खरा वेग ५९ च्या पुढे असतो, आठ टक्के जास्त. ऊर्जा वाढते सतरा टक्क्यांनी. घाबरून वेग आणखी दहा टक्के जास्त ठेवला तर ऊर्जा पुन्हा एकवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय जमिनीपासून पंखाच्या लांबीइतक्या उंचीच्या आत हवेचा ओढा कमी होतो, त्यामुळे जास्त वेगाने आलेलं विमान बसायचं नाव घेत नाही, तरंगतच राहतं. मग वैमानिक ते जबरदस्तीने टेकवायला जातो, पुढचं चाक आधी लागतं, आणि वरची सगळी कहाणी सुरू होते.

म्हणजे शेवटच्या सेकंदाला दिसणाऱ्या आपटीचं बीज अर्धा मिनिट आधी पेरलेलं असतं. वेग ठरलेला, उतार ठरलेला आणि धावपट्टी नीट दिसत असेल तरच उतरायचं, नाहीतर तेव्हाच वर जायचं, असा नियम शिकवतात तो याच कारणाने.

मग पाय मजबूत का करत नाहीत?

आमच्या सरांनी व्हायवाला हाच प्रश्न विचारला होता. उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला भाग वजनाचा. पाय जड केले की तो भार प्रत्येक उड्डाणात वाहावा लागतो, आणि तेवढं इंधन किंवा माणूस कमी होतो. दुसरा भाग मला जास्त पटला. पाय तुटला नाही तर बल पुढे जातं. पायाच्या जोडणीवर, तिथून मजल्याच्या फ्रेमवर, तिथून माणसाच्या मणक्यावर. मोठ्या प्रवासी विमानांत तर गिअर तुटलाच तर तो टाकी न फोडता तुटावा असं डिझाइन करतात. आपल्या घरातला फ्यूज जे करतो तेच. काय आधी मोडावं हे ठरवणं हेही डिझाइनच आहे.

वहीतली नोंद

आता तो निम्मा भाग, जो गणितात बसत नाही.

समजा विमान आपटलं, पण मोडलं नाही. टॅक्सी करत जागेवर आलं. आतले दोघे हसत उतरले. रंग जागच्या जागी आहे, टायर ठीक दिसतोय. काय करायचं?

आमच्या गावचे एक काका ओझरला विमानांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवून निवृत्त झाले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे बसलो होतो. मी विचारलं, “काका, आपटलेलं विमान तुम्ही कसं ओळखायचात?”

ते म्हणाले, “बाहेरून बघून? नाही ओळखता येत, बाळा. सांगावं लागतं कुणीतरी. सांगितलं की मग कुठे बघायचं ते आम्हाला ठाऊक असतं.”

मग त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. टायर आणि रिम. ॲक्सल वाकलाय का. ब्रेकची नळी. पाय धडाला जिथे बसतो तो सांधा. फायरवॉलवर सुरकुती आहे का, ती टॉर्च आडवी धरून बघायची, समोरून दिसत नाही. इंजिन माउंटचे वेल्ड. पंखाचे मुख्य बोल्ट. आणि रिव्हेट. सैल झालेल्या रिव्हेटभोवती काळपट डाग येतो, जणू धूर निघालाय. तो असतो घासून निघालेल्या ॲल्युमिनियमचा बारीक भुगा. प्रोपेलरचं टोक जमिनीला लागलं असेल तर प्रश्न नुसत्या पात्याचा राहत नाही. झटका क्रँकशाफ्टपर्यंत गेलेला असतो, इंजिन उघडून बघावं लागतं. संशय असला की डाय पेनेट्रंट किंवा एडी करंट. या दोन्ही चाचण्या आपण लॅबमध्ये केल्यात, जर्नलमध्ये आकृत्याही काढल्यात.

“आणि कुणी सांगितलंच नाही तर?” मी विचारलं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तर मग पुढचा जो बसेल त्याच्या नशिबावर.”

हे वाक्य मला सेमिनारच्या कुठल्याही स्लाइडवर घालता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. सेसना १५२ चं उत्पादन १९७७ ते १९८५ एवढीच वर्षं झालं. म्हणजे आज उडणारं यातलं सगळ्यात नवं विमानही चाळिशीचं आहे. शिकाऊंनी हजारो वेळा टेकवलेलं. फटीगचा एस-एन आलेख आठवा. एखादा मोठा दणका सांध्यात केसाएवढी चीर पाडून जातो; त्यानंतरचे शंभर साधे दणके ती चीर वाढवतात. शेवटी पाय मोडतो तो एखाद्या अगदी चांगल्या लँडिंगला. तेव्हा आत बसलेला बिचारा म्हणतो, मी तर नीटच उतरवलं होतं. आणि तो खरं बोलत असतो.

नियम स्पष्ट आहे. वैमानिकाने टेक्निकल लॉगमध्ये नोंद करायची. लायसन्सधारक इंजिनिअरने तपासून सही केल्याशिवाय विमान पुन्हा उडवायचं नाही. पण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय असतं? शिक्षक ओरडतील, विमान चार दिवस जमिनीवर बसेल, बाकीच्या मुलांचे उड्डाणाचे तास बुडतील, ती आपल्याकडे बघतील. प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात, अनेकांच्या घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. एका ओळीची नोंद, पण हात जड होतो.

जगभरच्या विमान अपघात तपासणीचं तत्त्व असं आहे की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष कुणाच्या माथी मारणे हा नाही. हे भलेपणा म्हणून ठेवलेलं तत्त्व नाही, त्यामागे व्यवहार आहे. सांगणाऱ्याला शिक्षा झाली की दुसऱ्या दिवसापासून कुणी सांगत नाही, आणि मग काकांसारख्या माणसाकडे टॉर्च असून उपयोग नाही.

आपल्यासाठी यात काय आहे

आपल्यातले फार थोडे वैमानिक होतील. पण काही जण ओझरला, काही विमान दुरुस्तीच्या कंपन्यांत, बरेचसे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि काही एसटीच्या वर्कशॉपमध्ये जातील. तिथे विमान नसेल, प्रेस असेल, क्रेन असेल, बसचा स्टिअरिंग रॉड असेल. शिफ्ट संपताना काहीतरी आपटलेलं असेल आणि वरून ठीक दिसत असेल. पुढच्या शिफ्टचा माणूस आपल्याला ओळखतही नसेल.

त्या वेळी वहीत लिहायचं. काय आपटलं, किती वाजता, कुठल्या बाजूने. तपासणारा निघाला आणि काही सापडलं नाही, तर एक तास गेला. सापडलं, तर कुणाचा तरी मुलगा संध्याकाळी घरी गेला.

आणि तुम्ही तपासणाऱ्याच्या किंवा साहेबाच्या खुर्चीत असाल, तर दणका सांगायला आलेल्या पोराला आधी बसायला सांगा, पाणी द्या. ओरडायचंच असेल तर न सांगणाऱ्यावर ओरडा. एक फुटाची शिल्लक डिझाइनरने ठेवलेली आहे. ती कुणी कधी वापरली याचा हिशोब मात्र आपल्यालाच ठेवायचाय.